काळ्या मातीत बाग करायची तर आधी वाफसा ओळखायला शिका

लग्न होऊन सांगलीत विश्रामबागेत आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मी हौसेनं ११ गुलाब आणले होते. माहेर मेढ्याकडचं, तांबड्या मातीचं, तिथं कितीही पाणी घाला थोड्या वेळात जमीन कोरडी, त्यामुळं इथं पण तीच सवय, सकाळी पाइप, संध्याकाळी पाइप, वर आभाळातनं पडतंय ते वेगळंच. दिवाळीपर्यंत ७ गुलाब गेले. सासरे वाळवा तालुक्यातले, आयुष्यभर ऊस केलेला माणूस, त्यांनी एक झाड उपटून मुळं माझ्या नाकापुढं धरली, काळी पडलेली आणि कुजका वास. म्हणाले, "तहानेनं न्हाई मेलं हे, बुडून मेलं." तेव्हापासनं पुस्तकं बाजूला ठेवली आणि त्यांच्या मागं मागं फिरायला लागले.

तर खाली जे लिहितेय ते सांगली, मिरज, कुपवाड ह्या भागातल्या काळ्या मातीसाठी. जावळी-महाबळेश्वरकडच्यांनी ह्यातलं पाण्याचं गणित उलटं धरावं, बाकीचं बरंचसं चालेल.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात, मे महिन्यात काही भेगांत मनगटापर्यंत हात जातो. ओली असताना खणलीत तर चिखल होतो आणि तो वाळला की अशी ढेकळं होतात की कुदळ उसळी मारते. ह्या दोन्हीच्या मधे जे दोन-चार दिवस मिळतात, माती ओलसर पण हाताला चिकटत नाही, तो वाफसा. बघायचं कसं, तर चार बोटं खोलीवरची मूठभर माती काढायची आणि लाडू वळायचा. लाडू वळलाच नाही तर पाणी पाहिजे. वळला आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटून भुगा झाला तर वाफसा आलाय, पेरा, लावा, खुरपा, काय करायचं ते करा. दाबल्यावर नुसता चपटा झाला आणि अंगठ्याचा ठसा उमटला तर खुरपं ठेवा आणि चहा प्या. पाणी घालायचं का नाही तेपण ह्याच लाडवावर ठरवायचं, वरची माती पांढरट दिसते म्हणून फसू नका, खाली चांगली ओल असते. रोज ठरलेल्या वेळेला पाणी घालायची सवय असेल त्यांना हे जड जातं, मला दोन वर्षं लागली.

आता कामाला सुरुवात मे मधेच करायची, जूनमधे नाही. वाफे जमिनीच्या वर उचलून घ्यायचे, आपल्याकडं गादीवाफा म्हणतात तो, निदान ६ ते ९ इंच उंच आणि रुंदी एवढीच की दोन्हीकडनं हात मधापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे ३ फुटांच्या आसपास, वाफ्यावर पाय द्यायचाच नाही. मातीत मी दोन घमेली काळी, एक घमेलं बारीक मुरूम किंवा तांबडी माती, एक घमेलं शेणखत आणि अर्धं घमेलं भाताचं तूस घालते. कुंडी आणि ग्रो बॅगसाठी काळी माती एकच घमेलं, कारण कुंडीत ती दगड होऊन बसते आणि पाणी कडेकडेनं निसटून जातं, आपल्याला वाटतं झाड प्यालं. साखर कारखान्याची मळी (रस गाळून राहिलेला चोथ्यासारखा गाळ, प्रेसमड) मिळत असेल तर झकास, पण ढीग निदान एक पावसाळा खाल्लेला पाहिजे. ताजी मळी आतनं गरम असते, हात घालून बघा, मुळं भाजून काढते.

शेणखत कच्चं आणू नका हे सगळेच सांगतात, का ते कुणी सांगत नाही. कच्च्या शेणातनं हुमणी येते, ती पांढरी जाड, इंग्रजी सी सारखी वाकलेली अळी, ऊसवाल्यांना विचारा काय चीज आहे ती. झाड हिरवंगार असताना एक दिवस माना टाकतं, ओढलं की सरळ हातात येतं कारण खाली मुळंच नसतात. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी ह्या हुमणीचे तपकिरी भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर गोळा होतात. आमच्या दारात कडुलिंब आहे, आम्ही त्या ८-१० दिवसांत रात्री जेवणं झाली की फांद्या हलवतो, खाली चादर अंथरलेली असते, पोरं भुंगेरे गोळा करून रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत टाकतात. पोरांना फार आवडतं हे काम, अभ्यासापेक्षा तर नक्कीच.

मृग लागतो ७-८ जूनला, पण नुसता मृग लागला म्हणून पेरायचं नाही. एक-दोन पाऊस पडून भेगा मिटल्या पाहिजेत, मग वाफसा, मग बी. भेंडी, गवार, चवळी, घेवडा हे सरळ वाफ्यात टोकायचं, दोडका, कारली, दुधी मांडवाच्या बुडाला. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, फूटभर अंतरावर दोन-दोन टोका, उगवलं की त्यातलं एक कमजोर काढून टाका (इथं माया करायची नाही), ४५-५० दिवसांत पहिली तोडणी. मग मात्र एक दिवसाआड तोडायला लागते, चार दिवस गावाला गेलात तर आल्यावर भेंडीच्या काठ्या मिळतील. भेंडीचा मोठा वैरी म्हणजे केवडा, पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि मग सगळं पानच. ह्याला औषध नाही, पांढरी माशी पसरवते तो, दिसलं झाड की उपटून लांब टाका. बी आणताना परभणी क्रांती नाहीतर अर्का अनामिका मागा, ह्या जाती केवड्याला टक्कर देणाऱ्या म्हणूनच काढलेल्या आहेत. वाफ्यात पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगलं की पांढरी माशी त्याला चिकटते, विकतची कार्डं आणायची गरज नाही.

वांगं मात्र कृष्णाकाठच्या माणसानं लावलंच पाहिजे. रोपं मृगात टाकायची, ५-६ आठवड्यांची झाली की अडीच फुटांवर लावायची. वांग्यात कोवळा शेंडा अचानक मान टाकलेला दिसला तर ते पाण्याचं नाही, आत अळी आहे. शेंडा इंचभर खालनं खुडायचा, चिरून बघितलात तर आत दिसेल, आणि तो शेंडा कंपोस्टमधे टाकायचा नाही, पिशवीत बांधून उन्हात मारायचा नाहीतर जाळायचा. आठवड्यातनं दोनदा फेरी मारून हे एवढं केलं तरी निम्मी वांगी वाचतात. आणि फेब्रुवारीत झाड थकलं म्हणून उपटू नका, जमिनीपासनं वीतभर ठेवून कापा, एक घमेलं खत द्या, उसाचा खोडवा ठेवतो तसा वांग्याचाही खोडवा येतो. वांगी जरा लहान येतात, पण भरल्या वांग्याला लहानच पाहिजेत की.

पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत रोपांचा वाफा साफ करतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाका, सकाळी खाली सगळ्या गोळा झालेल्या असतात, त्या मिठाच्या पाण्यात. मीठ वाफ्यात टाकू नका, एक जण टाकून बसले होते आणि दोन महिने तिथं काही उगवलं नाही.

आता लॉन. ह्यात मी सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त घाम घालवलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुढच्या अंगणात २० बाय १२ ची जागा होती, हिरवळ करायची ठरवली आणि एका माणसाकडनं ट्रॉलीभर "गाळाची एक नंबर माती" घेतली. पंधरा दिवसांत सगळीकडं लव्हाळा! लव्हाळ्याला जमिनीखाली गाठी असतात, माळेतल्या मण्यांसारख्या एकीला एक जोडलेल्या, वरनं पात ओढली की तुटते आणि झोपलेल्या खालच्या गाठी जाग्या होतात. म्हणजे जेवढं उपटाल तेवढा वाढतो. शेवटी ती सगळी जागा पुन्हा खणली.

म्हणून लॉनची घाई नको. एप्रिलमधे ९ इंच खणा, गाठी आणि काशा (जमिनीतनं आडव्या पसरणाऱ्या मुळ्यांसारख्या काड्या) वेचा, मग पाणी देऊन पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद कडा मातीत दाबून पसरा आणि ५-६ आठवडे तसाच ठेवा. आपल्याकडचं ऊन फुकट मिळतं तर त्याचा उपयोग करून घ्यायचा, तणाचं बी खाली भाजून निघतं. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी त्यातनं वाचतात, म्हणून कागद काढल्यावर परत एक पाणी द्या, जे उगवेल ते खुरप्यानं नाही तर काट्याच्या फावड्यानं गाठीसकट काढा, असं दोनदा. तोवर जून उजाडतो. मग वरनं २-३ इंच तांबडी माती, वाळू, चाळलेलं शेणखत ह्यांचं मिश्रण पसरायचं आणि घराकडनं बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, १० फुटाला २ इंच. हा उतार चुकला तर काळ्या मातीवरचं लॉन पहिल्या पावसाळ्यातच पिवळं पडतं, पाणी साठलेल्या जागी शेवाळ येतं आणि पाय घसरतात.

गवत कुठलं घ्यायचं? ऊन दिवसभर असेल तर हरळीच्या सुधारित जाती, पायाखाली टिकतात, पाणी कमी पडलं तरी जगतात. कार्पेटसारखं मऊ विदेशी गवत फोटोत छान दिसतं, पण त्याला पाणी फार आणि त्यात बुरशी लवकर येते. आंब्याच्या सावलीत कुठलंच लॉन होणार नाही, तिथं फरशी टाका नाहीतर हळद लावा. मी घरी हरळीचे पेंडे आणले तेव्हा सासरे दारात उभे राहून बघत होते, त्यांचं म्हणणं, आम्ही जन्मभर शेतातनं हरळीच्या काशा वेचून बांधावर टाकल्या आणि तू पैसे देऊन घरात आणलीस. अजून पाहुण्यांना सांगतात. पण गणपतीत २१ दुर्वांची जुडी घरच्या लॉनमधली असते तेव्हा तेच पहिले खुडायला येतात. दुर्वा म्हणजे हरळीच, वेगळं झाड नाही ते.

लावणी वाफशावर, आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास, म्हणजे जूनअखेर ते जुलै. दोन-तीन काशा एकत्र धरून ३-४ इंचांवर टोचायच्या आणि वरनं फळीनं दाबायचं. अडीच-तीन महिन्यांत जमीन झाकते. पहिली कापणी गवत ३ इंच झालं की, आणि कापताना एका वेळी वरचा एक तृतीयांशच भाग कापा, एकदम बोडकं केलं की ऊन बुडाला लागतं आणि तण उठतं. युरिया द्यायचा तर १०० चौरस फुटाला ८०-९० ग्रॅम, पावसाळ्यात आणि थंडी संपताना, पाती कोरडी असताना फेकून लगेच पाणी. ओल्या पात्यावर पडला तर डाग पडतात. थंडीत आठवड्यातनं दोन पाणी पुरे, उन्हाळ्यात एक दिवसाआड सकाळी.

झेंडूचं गणित दसऱ्यावरनं मागं मोजायचं. बी टाकल्यापासनं रोप व्हायला २५-३० दिवस, लावल्यापासनं भरगच्च फुलायला ५५-६५, म्हणजे दसऱ्याच्या बरोबर तीन महिने आधी बी पडलं पाहिजे. दसरा कधी सप्टेंबरअखेर येतो कधी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, त्यामुळं "जुलैमधे टाका" ह्या सल्ल्याला अर्थ नाही, पंचांग उघडा. मी अर्धं बी पंधरा दिवसांनी टाकते, ते दिवाळीला येतं. रोप लावल्यावर तीन आठवड्यांनी शेंडा खुडायचा, जीव तुटतो पण खुडायचा, मग ८-१० फांद्या फुटतात. शेवंतीचं उलटं दुखणं, तिला लांब रात्र लागते, दिवस लहान झाले की कळी धरते. आमची गेटजवळची शेवंती नुसती पाल्यानं वाढायची, फूल नाही, मग लक्षात आलं की वरती रस्त्याचा दिवा रात्रभर तिच्या डोक्यावर. मागच्या परसात हलवली, त्याच वर्षी फुलली. तुमच्याकडं असं होत असेल तर खत घालत बसू नका, दिवा बघा.

हस्ताचा पाऊस, म्हणजे २७ सप्टेंबरच्या पुढचा, आपल्याकडं बऱ्याचदा मृगापेक्षा जोरात असतो. म्हणून मेथी-कोथिंबीर-पालकाची घाई करून हस्ताच्या आधी पेरू नका, बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथंच सगळं उगवतं. चित्रा संपत आली, म्हणजे ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, की वाफसा बघून सुरू करा, मुळा, गाजर, पालक, मेथी, कांदापात, लसूण. धणे चपलेनं रगडून दोन फोडी करून पेरायचे, अख्खे टाकले तर निम्मेच उगवतात. मेथी महिन्याच्या आत खायला येते, दर १५ दिवसांनी एक ओळ पेरा म्हणजे एकदम ढीग होऊन शेजारी वाटत बसायला लागत नाही. गाजराला तूस जास्त घातलेला भुसभुशीत वाफा पाहिजे, नुसत्या काळ्या मातीत गाजराला पाय फुटतात, दोन तंगड्यांची गाजरं निघतात. टोमॅटोची रोपं सप्टेंबरमधे टाकलेली असली तर ऑक्टोबरमधे लावता येतात, काठी लावतानाच रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात. टोमॅटोचं बूड काळं पडतंय ही तक्रार फार असते, तो रोग नव्हे, एकदा कोरडं एकदा चिखल असं पाणी दिल्यानं होतं. लाडू, दुसरं काय. मिरचीची पानं वळून बोकड्या झाली तर सुरुवातीलाच निंबोळी अर्क मारा, ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून चिमूटभर साबण, संध्याकाळी फवारणी.

गुलाबाच्या छाटणीची तारीख मी तासगावकडच्या द्राक्षवाल्यांवर सोडलीय. त्यांची ऑक्टोबर छाटणी जोरात सुरू झाली की मी पण कात्री काढते, पाऊस नक्की गेलेला असला पाहिजे. मेलेल्या, आत वळलेल्या फांद्या काढून राहिलेल्या निम्म्यावर आणायच्या, काप डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरका, डोळा बाहेरच्या बाजूचा. ४५-५० दिवसांत फुलं.

एक गोष्ट आपल्या भागात हमखास दिसते. गुलाब, जास्वंद ह्यांची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोक पाणी वाढवतात नाहीतर युरिया टाकतात. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही आणि वरनं बोअरचं जड पाणी. हिराकस (फेरस सल्फेट) आणा, २-३ ग्रॅम एक लिटर पाण्यात, अर्धं लिंबू पिळा, सकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी परत. कुंडीच्या कडेला पांढरं मीठ फुटलेलं दिसलं तर पावसाळ्यात ती कुंडी पन्हाळीखाली ठेवून दोन-तीन दिवस धुऊन काढा, खालचं भोक मोकळं आहे ना बघून.

नणंदेचं घर गावभागात, २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी अंगणात. पूर ओसरल्यावर तिनं घाईनं गाळ फावड्यानं ओढला आणि सगळा वाफा काँक्रीटसारखा झाला. गाळात पाय घालू नका. वाळून त्याच्या पापड्या निघेपर्यंत थांबा, मग पापड्या गोळा करून शेणखतात मिसळा. पण गटाराचं पाणी मिसळलेलं असतं तेव्हा त्या हंगामात कच्ची खायची भाजी तिथं नको, झेंडू लावा.

उन्हाळ्यात फार काही करू नये असं माझं मत. गवार, चवळी, राजगिरा, तांदळी येतात, बाकीच्यांना हिरवी नेट बांधून जगवायचं. सगळ्यात कामाचं म्हणजे उसाचं पाचट, फेब्रुवारीत ट्रॅक्टरवाले फुकट देतात, ३-४ इंच थर वाफ्यावर पसरा, बुंध्यापासनं चार बोटं लांब, नाहीतर वाळवी लागते. पाणी निम्म्यावर येतं. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरमधे तोडून, पानं झडू देऊन जानेवारीत छाटलात की मार्च-एप्रिलमधे घर वासानं भरतं.

आणि हळद. सांगलीत राहून विकतची हळद खायची म्हणजे हरिपूरच्या पेवांना, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांना, लाज आणण्यासारखं आहे. मागच्या सावलीत, जिथं लॉन जमलं नाही तिथं किंवा १८ इंची ग्रो बॅगेत लावा. बियाणं जाड, डोळे टपोरे असलेलं, कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातनं निघालेली फुले स्वरूपा मिळाली तर उत्तम. अक्षय तृतीयेच्या सुमारास चार बोटं खोल, अडीच महिन्यांनी बुंध्याला मातीची भर, मग पाला वाळून आडवा पडेपर्यंत, म्हणजे ८-९ महिने, विसरून जा. पाणी लाडू बघूनच, गड्डा फार लवकर कुजतो. काढली की त्यातले चांगले ठसठशीत गड्डे बियाण्याला बाजूला काढून सावलीत पाचटाखाली झाकून ठेवा, पाणी मारू नका, एप्रिलअखेर आपोआप कोंब दिसायला लागतात.